खायचं की फुलू द्यायचं

नवी मुंबईत घर घेताना उन्हाचे वेगळे पैसे पडतात. पूर्वेचं ऊन, खाडीवरचा वारा, खिडकीतून डोंगर दिसत असेल तर त्याचेही. सावली मात्र फुकट मिळते, आणि ती सगळी तळमजल्यावाल्यांच्या वाट्याला येते. आम्ही तळमजल्यावाले. नेरूळची आमची जुनी सिडकोची इमारत आणि मागची कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. तिला आम्ही बाग म्हणतो; सोसायटीच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘मागील मोकळी जागा’ असा आहे. ती उत्तरेला आहे आणि तिच्यावर पलीकडच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाची फांदी आलेली आहे. यापुढे वर्णनाची गरज नाही.

तरी सूर्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो भर दुपारी किंचित उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे आमच्या बागेवर थेट ऊन पडण्याचा हक्काचा हंगाम मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. आणि ११ जूनच्या आसपास इथे पाऊस सुरू होतो. हक्क आहे, अंमलबजावणी नाही.

अशा जागेत तुळस उंच आणि हताश होते. मोगरा पानं देतो. जास्वंद कळ्या धरते आणि विचार बदलते. नर्सरीवाल्याला सांगितलं, की तो ‘सावलीतली झाडं’ म्हणून हात करतो त्या रांगेत मनी प्लांट, अरेका पाम, स्नेक प्लांट आणि डिफेनबेकिया असतात. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा, अरेका पाम मादागास्करचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, डिफेनबेकिया अमेरिकेतला. ज्या पर्जन्यवृक्षाच्या सावलीमुळे हे सगळं आणायचं तोही अमेरिकेतलाच. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. मी स्वतः साताऱ्याची, इथे लग्न होऊन आले. बाहेरून आलेल्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण खिडकीतून पारसिकची टेकडी दिसते, मागे खारघरचा डोंगर आहे, पावसाळ्यात तिथे झाडाखालच्या गच्च सावलीत काय काय उगवतं, आणि त्यातलं एकही नर्सरीत नाही, हे मनाला लागायचं.

शेवळं घरात आलं ते मात्र बागेच्या दारातून नव्हे, स्वयंपाकघराच्या.

माझं सासर सीकेपी. सीकेपी घरात जूनची चाहूल पावसाने लागत नाही, शेवळांनी लागते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पनवेलच्या बाजारात जाऊन यायला कारणं शोधू लागतात. वाशीला सगळं मिळतं असं त्यांना कितीही सांगा. पनवेलला डोंगरातून उतरलेल्या ठाकूर-कातकरी बायका फडकं पसरून बसतात. फडक्यावर तपकिरी-जांभळट, टोकदार, मिटलेल्या कोंबांच्या जुड्या, आणि शेजारी आवळ्याएवढ्या हिरव्या फळांचे वाटे. ही फळं म्हणजे काकडं. शेवळं घेतली आणि काकडं घेतली नाहीत, तर ती बाई स्वतःच तुम्हाला थांबवते. शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. काकडाच्या आंबट-तुरट रसाने ती खाज जाते. आमच्या घरात याला रसायनशास्त्र म्हणत नाहीत, ‘तारतम्य’ म्हणतात.

आई शेवळं निवडायला बसल्या, की कोणी मध्ये बोलायचं नसतं. हाताला तेल लावायचं. कोंब उभा चिरायचा, वरचं जून आवरण काढायचं. आत एक दांडा निघतो. त्याच्या खालच्या अंगाला पिवळा, दाणेदार पट्टा असतो, तो नखाने खरवडून टाकून द्यायचा. सगळ्यात जास्त खाज त्यात. उरलेलं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं आणि मग सोडे किंवा कोळंबी घालून त्याची कणी करायची. श्रावण पाळणारे चण्याची डाळ किंवा वाल घालतात. पण शेवळं श्रावणापर्यंत थांबत नाहीत, तेव्हा तो प्रश्न सहसा येत नाही. चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. पहिल्या वर्षी मला ती कळली नाही, आणि आता ती नसेल तर जून महिना कळत नाही.

एकदा त्यांच्या समोर बसून तो पिवळा पट्टा मी भिंगाखाली धरला. ती नरफुलं होती, शेकडो, एकमेकांना खेटून बसलेली. त्यांच्या खाली मादीफुलांचं कडं. म्हणजे आपण ज्याला भाजी म्हणतो तो एक पूर्ण फुलोरा आहे, उमलायच्या आदल्या दिवशी खुडलेला. अळू, सुरण, डिफेनबेकिया आणि मनी प्लांट यांच्याच कुळातला. सुरण तर अगदी सख्खा, दोघांचंही शास्त्रीय आडनाव अमॉर्फोफॅलस. सुरणाला गावोगाव लागवडीचा मान मिळाला, शेवळाने मात्र जंगल सोडलं नाही.

“हे उमललं तर कसं दिसतं?” मी विचारलं.

“उमललेलं कोण घेतं, अगं?” आई म्हणाल्या. “जून होतं ते.”

त्यांच्या सत्तर-बहात्तर पावसाळ्यांत त्यांनी ते फूल पाहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि समोरच्याचा चेहरा पाहिलेला नाही! तेव्हाच माझ्या मनात मागच्या पट्टीचा विचार आला.

कंद मिळवणं सोपं नव्हतं. डोंगरावर जाऊन उकरून आणावा, असा सल्ला देणारे भेटले. पण वनखात्याच्या जमिनीतून कंद उकरणं कायद्यात बसत नाही, कर्नाळ्याच्या अभयारण्यातून तर वाळकी काडीही उचलता येत नाही, आणि एवढं करूनही डोंगरावरचं एक झाड कमी होणार ते वेगळंच. शेवटी पनवेलच्या त्या बाईंनाच विचारलं. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“कांदा कशाला, ताई? त्यो खाजतो.”

“खायला नको. लावायचाय.”

“शेवळं कोन लावतं? ती आपली आपण येतात.”

मग त्यांनी माझ्या सासूबाईंकडे पाहिलं. बायकांमध्ये सुनांविषयी जी एक मूक समजूत असते ती तिथे होऊन गेली असावी, कारण पुढच्या खेपेला त्यांनी आपल्या शेताच्या बांधावरचे चार कंद सागाच्या पानात गुंडाळून आणले. लागवडीच्या सूचना एका वाक्यात दिल्या: सावलीत पुरा, पाणी घालू नका, इसरून जा.

बागकामावर मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. इतकं अवघड काम त्यांतल्या एकानेही सांगितलेलं नाही.

शेवळाचं वर्ष असं असतं. वळवाचा पाऊस पडला, की पानाचा पत्ता नसताना जमिनीतून थेट फुलोरा वर येतो. तो आटोपला, की त्याच जागी एकच पान येतं. एकच, पण ते असं काही पसरतं की अनोळखी माणसाला छोटं झाड वाटावं: ठिपक्याठिपक्यांचा देठ, त्याच्या माथ्यावर तीन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. जमिनीतून बाहेर पडताना ते घडी घातलेल्या छत्रीसारखं असतं आणि हळूहळू उघडतं. कोवळं असताना त्याचीही भाजी करतात, तिला लोत म्हणतात. आई त्या पानाकडेही एका विशिष्ट नजरेने बघतात. पावसाळाभर हे एक पान दाट झाडांतून गळून आलेला उजेड गोळा करतं आणि खाली कंद भरतं. जुना कंद त्या वर्षात संपून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणजे झाड तेच, कंद दर वर्षी नवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पान पिवळं पडून आडवं होतं आणि मग मेपर्यंत तिथे काहीही नसतं. बारा महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस तुम्ही एका रिकाम्या जागेची देखभाल करत असता.

आणि रिकामी जागा ही नवी मुंबईत कोणालाच बघवत नाही. सोसायटीचा माळी कष्टाळू आहे. कष्टाळू माळ्यापासून शेवळाला जेवढा धोका आहे तेवढा उंदीर-घुशींपासूनही नसेल. जानेवारीत सगळीकडे नळी फिरवताना तो त्या पट्टीवरही प्रेमाने पाणी सोडतो. झोपलेला कंद ओलाव्याने कुजतो. पर्जन्यवृक्षाचा पाला तिथे पडतो, तोही तो झाडून नेतो. आणि डोंगरात कंदाला थंडावा आणि खत देतो तो नेमका असाच पाला. बरं, आमच्या सेक्टरातली जमीन म्हणजे भरावाचा मुरूम आणि कुठल्या तरी जुन्या बांधकामाच्या विटा, तिथे पाचोळ्याशिवाय मातीचा कस यायचा कुठून? मी त्याला समजावलं. तो ‘हो मॅडम’ म्हणाला आणि झाडत राहिला. शेवटी मी एक पाटी लावली: ‘येथे काही नाही असे समजू नये.’ पाटीचा परिणाम उलटा झाला. ज्यांना ती पट्टी दहा वर्षांत दिसली नव्हती ते उभे राहून वाचू लागले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी इथे कुठल्या देवाची स्थापना होणार आहे अशी चौकशी केली.

लहान कंदाला फूल येत नाही. तो आधी काही वर्षं नुसतं पान देतो, पुरेसं साठलं की मगच फुलाचा विचार करतो. या काळात आईंनी फार संयम दाखवला असं मी म्हणेन. त्या रोज दुपारी खिडकीत बसून त्या जागेकडे बघत. मला वाटे त्या माझ्या उत्साहात सामील आहेत.

मग एका मेअखेरीस, वळवाची एक सर येऊन गेल्यावर, पाचोळा बाजूला सारून एक कोंब वर आला. गर्द, टोकदार, ओला. बाजारात अशा कोंबांची जुडी वीस वेळा हातात घेतली असेल. एकटा, जमिनीतून येणारा, पहिल्यांदाच पाहत होते. मी आईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी काढ. परवा उशीर होईल.”

“आई, हा फुलू द्यायचाय.”

“फुलून?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जे फुलं पोटासाठी वाढवत नाहीत ते ती देवासाठी तरी वाढवतात. शेवळं दोन्हींपैकी कशातच बसत नव्हतं. खायचं तर फूल दिसणार नाही, आणि फूल बघायचं तर खायला मिळणार नाही. मधला मार्ग नाही, कारण शेवळं एकच. घरात दोन दिवस अबोला नव्हता, पण संभाषणात बाजारभाव फार येत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उमललं. तपकिरी-जांभळट आवरण एका बाजूने सुटलं, आतला दांडा उभा राहिला, पट्ट्यापाशी पिवळा रंग उजळला. मी त्याच्यापुढे पाटावर बसले होते. अंधार पडू लागला तशी एक लहानशी भुंग्यांसारखी मंडळी आवरणाच्या आत उतरताना दिसली. आणि मग वास आला.

तो वास मेलेल्या उंदराचा असतो हे मी वाचलेलं होतं. किती मेलेल्या, हे वाचलेलं नव्हतं. यात शेवळाची युक्ती आहे. कुजक्या मांसावर येणारे कीटक फसून आत येतात. पहिल्या संध्याकाळी फक्त मादीफुलं तयार असतात, नरफुलांचा पराग दुसऱ्या दिवशी सुटतो. म्हणजे दुसरीकडून पराग अंगावर घेऊन आलेला कीटक इथे फळधारणा करतो, आणि इथला पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. स्वतःचा पराग स्वतःला लागू नये याची इतकी काटेकोर व्यवस्था. पण ही व्यवस्था पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचायची नव्हती. साडेआठला वॉचमन गटाराची झाकणं उघडून पाहू लागला. नऊला सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. साडेनऊला सगळी कमिटी मोबाईलचे दिवे घेऊन मागच्या पट्टीत उभी होती आणि पाटी वाचत होती.

“मॅडम, हे तुमचंच का?”

मी त्यांना सुमात्रातल्या टायटन अरमची गोष्ट सांगितली. शेवळाचा हा महाकाय भाऊबंद १८७८ मध्ये ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने जगापुढे आणला. १८८९ मध्ये तो लंडनच्या क्यू उद्यानात फुलला, आणि आजही जगात कुठेही तो फुलायचा झाला, की लोक रात्री-बेरात्री रांगा लावून तो वास घ्यायला जातात. कमिटीने शांतपणे ऐकून घेतलं. मग खजिनदारांनी विचारलं, “ते तिकीट लावतात का?” लावतात, म्हटल्यावर विषयाला थोडी प्रतिष्ठा आली. तरी एका सभासदांचं म्हणणं पडलं, की हे झाड खाजरं आहे, इमारतीत लहान मुलं आहेत, ते काढावं. मी त्यांना लॉबीत नेलं. तिथे सोसायटीच्या खर्चाने ठेवलेल्या दोन मोठ्या डिफेनबेकिया आहेत, त्याच कुळातल्या, त्याच स्फटिकांनी भरलेल्या; पान चावलं तर तोंड सुजतं. त्यांना कोणी खाजरं म्हणत नाही, कारण त्यांचं नाव इंग्रजी आहे आणि त्यांना वास नाही.

वास फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी तो ओसरला, तिसऱ्या दिवशी फूल कोमेजलं. पेस्ट कंट्रोलवाला आला तोवर त्याला दाखवायला काही उरलं नव्हतं. त्याने रीतसर गटारात औषध टाकलं आणि बिल दिलं.

आईंनी ते फूल पाहिलं. नाकाला पदर लावून, पण नीट वाकून, आजूबाजूने पाहिलं. “एवढा मोठा थाट करतं होय,” म्हणाल्या. आणि आत जाताना, “तरी कोळंबीत बरं लागलं असतं.”

त्यानंतर आमच्यात जो तह झाला तो असा: खायचं ते पनवेलहून येईल, घरचं फुलेल. पाटीखाली मी तारखा लिहून ठेवते, म्हणजे वास सुटला तर कोणी झाकणं उघडत बसू नये. एका वर्षी दोन फुलं एका दिवसाच्या अंतराने उमलली आणि पहिल्यांदाच फळं धरली. त्यांच्या बिया गर धुऊन कुंडीत पेरल्या, त्या रुजल्या. माळीही आता ती पट्टी झाडत नाही. झाडापेक्षा वासाने त्याचं मतपरिवर्तन केलं असावं.

डोंगरांचं मात्र तसं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खारघरच्या डोंगरावर वणव्यांच्या रेषा रात्री लांबून दिसतात. वणव्यातून शेवळाचा कंद जमिनीत असल्याने वाचतो, त्याला ती सवय आहे. दगडखाणीतून आणि बुलडोझरमधून वाचायची सवय त्याला लागलेली नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली. तिच्या उतारावर किती कंद झोपलेले होते, हे मोजायची पद्धत नाही. दर जूनला विकायला येणारी प्रत्येक जुडी म्हणजे न उमललेली फुलं, न धरलेल्या बिया, हेही खरं. पण कोंब खुडणारी बाई कंद जागेवर ठेवते, म्हणून पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा काढायला जाते. टेकडी कापणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे जायचं नसतं. या दोघांना एका मापाने मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंडीतल्या रोपांना आता दोन-तीन पावसाळे झालेत आणि माझी पट्टी भरलेली आहे. तुमच्या घरामागे उत्तरेची सावली असेल, पाचोळा झाडणारा माळी नसेल आणि सोसायटीशी तुमचे संबंध बरे असतील, तर दिवाळीनंतर, पान आडवं झालं की या. एखादा कंद देईन. पुरा आणि विसरून जा. आणि जूनमध्ये बाजारात शेवळं दिसली तर भाव करू नका, ती बाई डोंगर उतरून आलेली असते. फक्त जुडीबरोबर काकडं मागून घ्या. ती घेतली नाहीत तर रात्री घसा धरून बसाल, आणि माझं नाव घ्याल.